टेप-मेजर यागी अँटेना

टेप-मेजर यागी अँटेना ही पोलादी मोजपट्टीच्या तुकड्यांपासून आणि पीव्हीसी नळीपासून घरी बनवता येणारी दिशिक अँटेना आहे. रचनेच्या दृष्टीने ती तीन घटकांची यागी-उदा अँटेना असून मुख्यतः हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या वरील वारंवारतांवर, वापरली जाते. सुतार किंवा गवंडी वापरतात तशी साधारण २५ मिलिमीटर रुंदीची पोलादी टेप हा तिच्या घटकांचा कच्चा माल असल्याने तिला हे नाव पडले. टेपचे घटक वाकून पुन्हा सरळ होत असल्यामुळे ही अँटेना गाडीत, झुडपांत किंवा अरुंद जिन्यातूनही मोडतोड न होता नेता येते. अज्ञात प्रक्षेपकाचा शोध, कृत्रिम उपग्रहांशी संपर्क आणि आपत्काळातील तात्पुरते दळणवळण हे तिचे प्रमुख उपयोग आहेत.

मराठी परिभाषेत अँटेनाला 'आकाशक' असा प्रतिशब्द आहे. व्यवहारात मात्र 'अँटेना' हाच शब्द रूढ आहे.

## पार्श्वभूमी

यागी-उदा अँटेनेचा शोध जपानमधील सेंदाई येथील तोहोकू साम्राज्य विद्यापीठात लागला. शिंतारो उदा यांनी हिदेत्सुगू यागी यांच्या मार्गदर्शनाखाली १९२०च्या दशकाच्या मध्यास या रचनेवर प्रयोग केले. १९२६ साली या दोघांनी त्यासंबंधीचा निबंध सादर केला. यागी यांनी १९२८ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सच्या नियतकालिकात इंग्रजीतून लेख लिहिल्यानंतर ही रचना जगभर ज्ञात झाली. प्रायोगिक कामाचा मोठा भाग उदा यांचा असूनही पाश्चात्त्य देशांत ती केवळ 'यागी' या नावाने ओळखली जाऊ लागली. दोघांचे योगदान लक्षात घेऊन तांत्रिक ग्रंथांत 'यागी-उदा' हे जोडनाव वापरले जाते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात उदा यांनी युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम केले होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, अमेरिका व जर्मनी यांनी रडारमध्ये या अँटेनेचा वापर केला. जपानमध्ये मात्र तिच्याकडे सुरुवातीला फारसे लक्ष दिले गेले नव्हते. युद्धानंतर दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे ती घरोघरी पोहोचली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रातील शहरांच्या गच्च्यांवर व कौलांवर उभ्या राहिलेल्या, माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या अँटेना याच कुळातील होत्या. केबल व उपग्रह दूरचित्रवाणी आल्यानंतर त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या.

मोजपट्टीपासून यागी बनवण्याची कल्पना अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांमध्ये लोकप्रिय झाली. तेथे लपवलेला प्रक्षेपक शोधण्याच्या खेळासाठी हलकी, स्वस्त आणि झाडीतून नेता येईल अशी अँटेना हवी होती. पुढे ही रचना इतर देशांतील हौशी मंडळांनी, शाळा-महाविद्यालयांनी आणि स्काउट पथकांनी प्रशिक्षणासाठी स्वीकारली.

## कार्यतत्त्व

या अँटेनेत एकमेकांना समांतर असे तीन घटक एका दांड्यावर ठरावीक अंतराने बसवलेले असतात. केबल फक्त मधल्या घटकाला जोडलेली असते.

* परावर्तक: सर्वांत मागचा व सर्वांत लांब घटक. याची लांबी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा किंचित जास्त असते.
* चालित घटक: मधला, दोन अर्ध्या भागांत विभागलेला द्विध्रुव. प्रक्षेपकाकडून येणारी शक्ती यालाच मिळते.
* दिग्दर्शक: सर्वांत पुढचा व आखूड घटक. याची लांबी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी असते.

चालित घटकातून निघालेल्या लहरींमुळे उरलेल्या दोन घटकांत प्रवर्तनाने विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तेही लहरी प्रक्षेपित करू लागतात. परावर्तक अनुस्पंदनाच्या लांबीपेक्षा मोठा असल्याने त्याचा संरोध प्रवर्तकीय असतो व त्यातील प्रवाह मागे पडतो. दिग्दर्शक आखूड असल्याने त्याचा संरोध धारितीय असतो व त्यातील प्रवाह पुढे राहतो. प्रवाहांच्या कलांतील हा फरक आणि घटकांमधील अंतर यांच्या एकत्रित परिणामाने तिन्ही घटकांच्या लहरी पुढच्या दिशेला एकमेकींत मिळतात, तर मागच्या दिशेला बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात. परावर्तकाचे कार्य त्यामुळे आरशासारखे भासत असले, तरी प्रत्यक्षात तो लहरी अडवणारा पडदा नसतो. एक पातळ पट्टी केवळ योग्य लांबीमुळे हा परिणाम साधते. म्हणूनच लांबीतील काही मिलिमीटरांचा फरक दांड्याच्या जाडीपेक्षा किंवा रंगरूपापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

### लाभ

अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. उपलब्ध शक्ती ती एका दिशेला एकवटते. या एकवटण्याच्या प्रमाणाला लाभ म्हणतात व तो डेसिबलमध्ये मोजतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार ०.४ तरंगलांबी दांड्याच्या तीन घटकी यागीचा लाभ द्विध्रुवाच्या तुलनेत सुमारे ७.१ डेसिबल, ०.८ तरंगलांबी दांड्याच्या पाच घटकी यागीचा ९.२ डेसिबल, तर ४.२ तरंगलांबी दांड्याच्या पंधरा घटकी यागीचा १४.२ डेसिबल असतो. दांडा दहापट लांब केल्यावर लाभ केवळ दुप्पट डेसिबल होतो, हे यावरून स्पष्ट होते. हातात धरायच्या अँटेनेसाठी तीन घटक पुरेसे मानले जातात ते याच कारणाने.

७ डेसिबल लाभ म्हणजे पुढच्या दिशेला सुमारे पाचपट शक्ती. पाच वॉटचा हातातील संच अशा अँटेनेला जोडल्यास इष्ट दिशेला साध्या द्विध्रुवाला २५ वॉट दिल्यासारखा परिणाम मिळतो. हातातील संचासोबत येणारी आखूड रबरी अँटेना द्विध्रुवापेक्षाही बरीच कमी कार्यक्षम असल्याने प्रत्यक्षातील फरक याहून मोठा जाणवतो. हाच लाभ ऐकतानाही मिळतो.

## मापे

तरंगलांबी मीटरमध्ये काढण्यासाठी ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागतात. १४५ मेगाहर्ट्झला ती सुमारे २.०७ मीटर येते.

प्रचलित मूळ रचना १४६.५ मेगाहर्ट्झच्या आसपास बेतलेली आहे. भारतात हौशी रेडिओसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा उपलब्ध असल्याने मापे सुमारे एक टक्क्याने वाढवल्यास अँटेना पट्ट्याच्या मध्यावर येते.

| भाग | मूळ माप (मिमी) | १४५ मेगाहर्ट्झसाठी (मिमी) |
|---|---|---|
| परावर्तक | १०५१ | १०६२ |
| चालित घटकाचा प्रत्येक अर्धा भाग | ४५१ | ४५६ |
| दिग्दर्शक | ८९२ | ९०२ |
| परावर्तक ते चालित घटक अंतर | २०३ | २०५ |
| चालित घटक ते दिग्दर्शक अंतर | ३१८ | ३२१ |

चालित घटकाच्या दोन भागांत मध्यभागी साधारण २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवतात. सर्व अंतरे घटकांच्या मध्यरेषांपासून मोजायची असतात. नळीचा तुकडा कापताना जोडणीच्या सांध्यात जाणारी लांबी हिशेबात धरावी लागते. ही मापे २५ मिलिमीटर रुंद टेपसाठी आहेत. बारीक तार वा सळई वापरल्यास लांबी बदलावी लागते, कारण रुंद घटक तितक्याच लांबीच्या बारीक घटकापेक्षा कमी वारंवारतेला अनुस्पंदित होतो. रुंद टेपमुळे पट्टारुंदीही वाढते आणि मापातील लहान चूक खपून जाते.

## साहित्य

* २५ मिलिमीटर रुंदीची पोलादी मोजपट्टी, किमान तीन मीटर. कापडी किंवा फायबरची टेप चालत नाही.
* अर्धा इंची पीव्हीसी नळी, दोन क्रॉस व एक टी.
* होज क्लॅम्प, सहा नग.
* ५० ओहमची समाक्ष केबल, उदाहरणार्थ आरजी-५८, आणि संचाला जुळणारा कनेक्टर.
* सुमारे १२७ मिलिमीटर लांबीची एकेरी तांब्याची तार.
* डाग देण्यासाठी सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, सँडपेपर, चिकटपट्टी.

जुनी, आकडे पुसट झालेली किंवा स्प्रिंग तुटलेली टेपही उपयोगी पडते.

## बांधणी

### दांडा

नळीचे दोन तुकडे कापून मागे क्रॉस, मध्ये क्रॉस आणि पुढे टी असा सांगाडा जोडतात. मागच्या क्रॉसच्या उरलेल्या तोंडात नळीचा आणखी एक तुकडा बसवला की धरायला मूठ मिळते. मूठ परावर्तकाच्या मागे असल्याने धरणाऱ्याच्या शरीराचा अँटेनेवर फारसा परिणाम होत नाही. तिन्ही घटक एकाच प्रतलात येतात की नाही, हे सांधे पक्के करण्यापूर्वी सपाट फरशीवर ठेवून तपासतात.

### घटक

टेप पत्रा कापण्याच्या कात्रीने कापतात. कापलेली टोके अत्यंत धारदार असतात. ती गोलसर करून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणे आवश्यक आहे. परावर्तक व दिग्दर्शक हे अखंड तुकडे असून त्यांचा मध्य दांड्याच्या मध्यरेषेवर आणून प्रत्येकी दोन होज क्लॅम्पने आवळतात. चालित घटकाचे दोन भाग मधल्या क्रॉसच्या दोन बाजूंना प्रत्येकी एका क्लॅम्पने बसवतात. हे दोन भाग एकमेकांना स्पर्श करता कामा नयेत.

टेपवरील रंग विद्युतरोधक असतो. ज्या जागी डाग द्यायचा, तेथील रंग सँडपेपरने खरवडून पोलाद उघडे करावे लागते. पोलादावर सोल्डर सहज धरत नाही. म्हणून टेप दांड्यावर बसवण्यापूर्वीच, भरपूर उष्णता व फ्लक्स वापरून, त्या जागी सोल्डरचा पातळ थर चढवून घेतात. हे काम टेप बसवल्यानंतर केल्यास पीव्हीसी वितळण्याची शक्यता असते.

### संरोध जुळवणी

तीन घटकी यागीत चालित घटकाचा संरोध शेजारच्या घटकांमुळे घटून २० ते २५ ओहमच्या आसपास येतो, तर केबल व संच ५० ओहमसाठी बनवलेले असतात. ही तफावत केसाच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या तारेने दूर केली जाते. चालित घटक मुद्दाम थोडा आखूड ठेवल्याने त्याचा संरोध धारितीय होतो. १२७ मिलिमीटरची तार इंग्रजी 'यू' आकारात, दोन बाजूंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर ठेवून वाकवतात व तिची टोके चालित घटकाच्या दोन भागांना डागतात. ही तार लहान प्रवर्तकाचे काम करते आणि दोहोंच्या मेळातून ५० ओहमच्या जवळचा संरोध मिळतो. मल्टिमीटरने तपासल्यास चालित घटकाचे दोन भाग या तारेमुळे एकमेकांना थेट जोडलेले दिसतात; हा दोष नसून रचनेचाच भाग आहे.

### केबल

समाक्ष केबलचा मधला तारेचा गाभा एका भागाला व बाहेरील जाळी दुसऱ्या भागाला, आकडा जोडला आहे त्याच ठिकाणी, डागतात. केबलच्या बाह्य पृष्ठावरून प्रवाह वाहू लागल्यास केबल स्वतःच अँटेनेसारखी वागते आणि दिशिकता बिघडते. ते टाळण्यासाठी जोडणीलगत केबलचे पाच ते आठ वेढे दांड्यावर गुंडाळून बांधतात. पुढे केबल दांड्याला समांतर मागे नेऊन मुठीपाशी बाहेर काढतात. उघडी जोडणी पाण्यापासून सुरक्षित केली नाही, तर जाळीतून ओल केबलच्या आत शिरते आणि केबल काही काळातच निकामी होते.

केबल शक्य तितकी आखूड ठेवणे हिताचे असते. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबलच्या दहा मीटर लांबीत सुमारे दोन डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक शक्ती वाया जाते.

## तपासणी

अँटेना केबलशी किती जुळली आहे, हे स्थिर लहर गुणोत्तरावरून कळते. हे गुणोत्तर १.५ असल्यास ४ टक्के, २ असल्यास सुमारे ११ टक्के आणि ३ असल्यास २५ टक्के शक्ती परत येते. २ पेक्षा कमी गुणोत्तर हातातील संचासाठी सामान्यतः स्वीकारार्ह मानले जाते.

मोजणी मोकळ्या जागेत, जमीन, भिंती, लोखंडी कठडे व माणसे यांपासून दूर करावी लागते. खोलीत टेबलावर घेतलेले आकडे विश्वसनीय नसतात. गुणोत्तर सर्वांत कमी येणारी वारंवारता पट्ट्याच्या खाली असल्यास चालित घटकाचे दोन्ही भाग सारख्या प्रमाणात थोडे कापतात. वर असल्यास ते किंचित बाहेर सरकवतात. आकड्याच्या दोन बाजूंतील अंतर कमी-जास्त करूनही बारीक जुळवणी करता येते. परावर्तक व दिग्दर्शक यांच्या लांबीत मात्र फेरफार करत नाहीत, कारण त्यांवर दिशिकता अवलंबून असते. कमी गुणोत्तर म्हणजे चांगली अँटेना असे नाही. दिशिकता वेगळी तपासावी लागते. त्यासाठी दूरच्या, स्थिर प्रक्षेपणाकडे अँटेना रोखून ती पूर्ण फिरवतात व पुढच्या आणि मागच्या बाजूस मिळणाऱ्या संकेताच्या तीव्रतेची तुलना करतात.

## उपयोग

### प्रक्षेपकाचा शोध

अडकलेल्या बटणामुळे अखंड चालू राहिलेला संच संपूर्ण रिपीटर बंद पाडू शकतो, आणि आपत्तीच्या वेळी अशी अडवलेली वारंवारता गंभीर ठरते. असा संच शोधण्यासाठी अँटेना हळूहळू फिरवून संकेत सर्वाधिक येणारी दिशा नोंदवतात. दूर अंतरावरील दुसऱ्या ठिकाणाहून तीच कृती केल्यास नकाशावर दोन रेषा जेथे छेदतात, त्या परिसरात प्रक्षेपक असतो. पुढची शिखर दिशा रुंद असल्याने काही चालक मागच्या बाजूचा क्षीण बिंदू वापरतात. तो अधिक अचूक असतो. इमारती आणि डोंगरकडे यांवरून परावर्तित होणारे संकेत दिशाभूल करतात, म्हणून अनेक ठिकाणांहून मोजणी घेणे श्रेयस्कर असते.

प्रक्षेपक जवळ आल्यावर संकेत सर्व दिशांनी सारखाच तीव्र भासतो. अशा वेळी क्षीणक वापरतात, संच मूळ वारंवारतेपासून थोडा बाजूला लावतात किंवा तिप्पट वारंवारतेवरील क्षीण संकेत ऐकतात.

### उपग्रह संपर्क

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हौशी रेडिओचे प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर होते. स्थानक क्षितिजावर सुमारे दहा मिनिटेच राहते. तेवढ्या वेळात अँटेना हाताने त्याच्या मार्गावर फिरवत ठेवावी लागते. स्थानकाच्या वेगामुळे डॉपलर परिणाम होऊन वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर-खाली सरकते. स्थानकाच्या अँटेनेची सापेक्ष स्थिती बदलत असल्याने मनगट फिरवून ध्रुवणही जुळवत राहावे लागते. भारताने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ यानातून सोडलेल्या हॅमसॅट या उपग्रहाचे प्रक्षेपणही दोन मीटर पट्ट्यात होते. तो २०१४ पर्यंत कार्यरत होता.

### आपत्कालीन दळणवळण

भूकंप, पूर वा चक्रीवादळात मोबाइल मनोरे व रिपीटर बंद पडल्यास हौशी रेडिओचालक एका संचातून दुसऱ्या संचाशी थेट संपर्क साधतात. २००१ च्या भुज भूकंपात आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबार बेटांवर हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले होते. अशा प्रसंगी वीज मर्यादित असते व संचाची शक्ती वाढवणे म्हणजे बॅटरी लवकर संपवणे. दिशिक अँटेनेने तीच पोहोच अधिक शक्ती न वापरता मिळते. हार्डवेअरच्या दुकानातील साहित्यातून काही तासांत बनणारी रचना म्हणून या अँटेनेचे महत्त्व येथे सर्वाधिक आहे. मात्र उभ्या ध्रुवणाचे संच वापरणाऱ्या केंद्राशी बोलताना तिचे घटकही उभे धरावे लागतात. आडवे धरल्यास संकेत सुमारे २० डेसिबलपर्यंत घटू शकतो.

## मर्यादा

पोलाद तांबे वा ॲल्युमिनियमपेक्षा कमी वाहक असल्याने थोडी शक्ती उष्णतेत जाते. रंग खरवडलेल्या जागी गंज चढतो. वाऱ्यात टेप वाकते व फडफडते, त्यामुळे गच्चीवर कायम उभारण्यासाठी ही रचना योग्य नाही. तेथे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची यागी वापरतात. अधिक शक्तीच्या प्रक्षेपणासाठीही ती बनवलेली नाही.

## सुरक्षितता व नियम

अँटेना वा तिचा खांब विजेच्या तारांच्या जवळ कधीही उभारू नये. खांब कोसळला तरी तो तारेपर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर राखणे हा सर्वमान्य नियम आहे. वादळात व विजा चमकत असताना उघड्यावर अँटेना हाती धरणे प्राणघातक ठरू शकते. प्रक्षेपण चालू असताना घटकांच्या टोकांना स्पर्श करू नये आणि अँटेना जवळच्या व्यक्तीच्या डोक्याकडे रोखू नये.

भारतात हौशी रेडिओवर प्रक्षेपण करण्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना लागतो. तो इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे व दळणवळणाचे नियम यांवरील परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. परवानाधारकास स्वतंत्र संकेतनाव दिले जाते. ते सामान्यतः 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३' ने सुरू होते. अँटेना स्वतः बांधण्याची मुभा हा हौशी रेडिओ सेवेचा गाभा मानला जातो, कारण स्वयंशिक्षण व तांत्रिक प्रयोग हे या सेवेचे घोषित उद्दिष्ट आहे.

## हे सुद्धा पहा

* हौशी रेडिओ
* यागी-उदा अँटेना
* द्विध्रुव अँटेना
* समाक्ष केबल
* डॉपलर परिणाम
* आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक